अल्पदानाची लाज



चातुर्मास लागला की आपल्याकडे काही ना काही नेम धरण्याची चाल आहे. कोणी एकभुक्त राहतो, कोणी कांदालसूण वर्ज्य करतो, कोणी नित्य पोथीचा एक अध्याय वाचतो. नेमाच्या पाठोपाठ दान येतेच. ते कोणास करावे, केव्हा करावे याविषयी या पत्रिकेत पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही ज्या गोष्टीविषयी लिहिणार आहोत ती वरवर पाहता अगदी लहान आहे. परंतु तिच्यामुळे आपल्या मंदिरातील एक माणूस आपल्यापासून दुरावले, आणि तो दोष आमच्या पदरी येतो. म्हणून ती लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सभामंडपाच्या जीर्णोद्धाराचे काम पुरे झाल्यावर दात्यांची नावे संगमरवरी पाटीवर कोरण्यात आली आणि त्यांची यादी या पत्रिकेतही छापण्यात आली. मोठ्या रकमा प्रथम, त्याखाली मध्यम रकमा, असा तिचा क्रम होता. तळाशी एकच ओळ होती : ‘फुटकळ देणग्या’, आणि तिच्यापुढे एकूण बेरीज. जागेची अडचण होती. यादी लांबत चालली होती. त्या ओळीत काही वावगे आहे असे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नाही.

पुढे महिन्या-दीड महिन्याने आमच्या लक्षात आले की, पहाटेच्या काकड आरतीस नित्य येणाऱ्या एक वृद्ध काकू येईनाशा झाल्या आहेत. गेली कित्येक वर्षे गाभाऱ्यातील समईच्या वाती त्यांच्या हातच्या असत. आजारी असतील अशा समजुतीने आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकू चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या. त्यांनी चहा केला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. अखेर आम्ही विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, “ज्यांनी मंडप बांधला त्यांनी त्यात सुखानं बसावं हो. आम्ही काय, आम्ही फुटकळातले.” त्यांनी एक्कावन्न रुपये दिले होते. पतीच्या मागे मिळणाऱ्या अल्प निवृत्तिवेतनातून, औषधांचा खर्च भागवून, ते त्यांनी तीन महिन्यांत साठविले होते, हे आम्हांस त्यांच्याकडून नव्हे, शेजारणीकडून कळले.

त्या शब्दाने आम्ही ओशाळलो, कारण तो शब्द आमचाच होता.

यानंतर आम्ही जरा कान देऊन ऐकू लागलो, तेव्हा असे दिसले की, ही व्यथा एकट्या काकूंची नाही. एक तरुण सभासद म्हणाले, “माझ्या दोनशे रुपयांनी काय व्हायचंय? पुढंमागं हाती पैसा आला की भरघोस देईन, तोवर नकोच.” दुसऱ्या एका गृहस्थांनी निराळाच सूर लावला : “मोठ्यांचं काय सांगता! पाटीवर नाव लागावं म्हणून देतात.” एकाला लाज वाटते, एक पुढे ढकलतो आणि एक टोमणा मारतो. तिन्ही वृत्ती निरनिराळ्या दिसल्या तरी तिघांच्या मनात सत्कर्माची इच्छा आहे, आणि तिघांचीही दृष्टी स्वतःच्या ताटावरून उठून दुसऱ्याच्या ताटावर गेली आहे.

असे होणे अस्वाभाविक नव्हे. वर्तमानपत्र उघडावे तो कोणा उद्योगपतीने रुग्णालयास अथवा विद्यापीठास कोट्यवधी रुपये दिल्याची वार्ता असते. त्यातून आपण तर इंदुरात राहणारी माणसे. देवी अहिल्याबाईंचे नाव येथील विद्यापीठास आहे, विमानतळास आहे. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केले, आणि आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे, साऱ्या भारतवर्षात मंदिरे, घाट, धर्मशाळा आणि विहिरी बांधविल्या. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली त्यांनीच पुन्हा उभे केले. अशा पुण्यश्लोक स्त्रीच्या नगरीत एक्कावन्न रुपये हाती घेऊन उभे राहणाऱ्यास आपण फार लहान आहोत असे वाटले, तर त्यास दोष कसा द्यावा?

परंतु त्याच अहिल्याबाईंच्या चरित्रातील दोन गोष्टी आपण विसरतो. पहिली ही की, हा दानधर्म त्यांनी राज्याच्या खजिन्यातून न करता आपल्या खासगीतून केला. राज्य त्यांच्या हाती होते; मागेल ते मिळाले असते; तरी जे आपले आहे त्यातूनच द्यावयाचे, हा दंडक त्यांनी पाळला. दुसरी गोष्ट महेश्वरास गेलेल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली असेल. तेथील वाड्यात मातीची इवलीशी शिवलिंगे करून त्यांची पूजा करावयाची आणि ती नर्मदेत विसर्जन करावयाची, ही प्रथा त्यांच्या काळापासून चालत आली आहे. जिने काशीस पाषाणाचे मंदिर बांधले, तिलाच चिमूटभर मातीचे लिंगही पूज्य वाटले. पाषाण शतके टिकतो आणि माती घटकाभरात पाण्यात विरते. परंतु दोहोंपुढे हात जोडताना त्या माउलीने भेद केला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार भगवंतांनी सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे अशा बुद्धीने, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही त्यास, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून अथवा कष्टी होऊन दिलेले ते राजस. अवेळी, अपात्री, अनादराने आणि तुच्छतेने दिलेले ते तामस. हे तिन्ही श्लोक वाचकांनी घरी पोथी काढून अवश्य पाहावेत. त्यांत देशाचा विचार आहे, काळाचा आहे, घेणाऱ्याचा आहे, देणाऱ्याच्या मनाचा आहे. रकमेचा उल्लेख मात्र कोठेही नाही. आम्ही आमच्या यादीत जो क्रम लावला, त्यास गीतेत आधार नाही.

तैत्तिरीय उपनिषदात शिष्य विद्या संपवून घरी जावयास निघतो तेव्हा आचार्य त्यास दानाविषयी उपदेश करतात. श्रद्धेने द्यावे, आपल्या ऐपतीस अनुसरून द्यावे आणि लाजून द्यावे, असा त्याचा आशय आहे. येथेही लाज आहे. परंतु ती थोडे दिल्याची लाज नव्हे. जे देवानेच दिले ते ‘माझे’ म्हणून आपण पुढे करतो, याचा तो संकोच आहे. तो लक्षाधीशास जितका असावा तितकाच अकिंचनासही असावा. या लाजेने मनुष्य नम्र होतो आणि त्याचा हात पुढेच राहतो. काकूंना वाटली ती लाज निराळी. तिने हात मागे घेतला. ती शास्त्राने सांगितलेली नाही, आम्ही छापलेल्या यादीने शिकविलेली आहे.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात मुंगसाची एक कथा आहे. ती आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु पुष्कळदा अर्धीच ऐकलेली असते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. धर्मराजांचा अश्वमेध पूर्ण झाला. दानाची सीमा झाली होती. सुवर्ण घेऊन ब्राह्मण तृप्त झाले होते. दीन, अंध, अनाथ कोणी विन्मुख गेला नव्हता. इतक्यात एक मुंगूस तेथे आले. त्याचे अर्धे अंग सोन्याचे होते. ते मनुष्यवाणीने म्हणाले की, हा एवढा यज्ञ कुरुक्षेत्रातील एका ब्राह्मणाच्या प्रस्थभर सातूच्या पिठाच्या बरोबरीचा नाही.

तो ब्राह्मण उंछवृत्तीने राहत असे. म्हणजे शेताची कापणी झाल्यावर मागे सांडलेले दाणे वेचून त्यावर कुटुंब चालवीत असे. घरात पत्नी, पुत्र आणि सून. दुष्काळ पडला होता. उपासावर उपास घडल्यानंतर एके दिवशी कसेबसे प्रस्थभर जव मिळाले. त्यांचे पीठ करून चौघांनी समान वाटे केले. जेवावयास बसणार तोच दारी अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा त्यास दिला. अतिथीची भूक भागली नाही. तेव्हा पत्नीने आपला वाटा पुढे केला, मग पुत्राने, आणि शेवटी सुनेने. तो अतिथी साक्षात धर्म होता. त्या चौघांस दिव्यगती प्राप्त झाली. मुंगूस आपल्या बिळातून बाहेर येऊन तेथे सांडलेल्या पिठात लोळले, आणि त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे अंग सोन्याचे व्हावे म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडत राहिले. पण तसे कोठेही घडले नाही.

येथवरची कथा सर्वांस ठाऊक असते. आता या कथेतील जी दोन स्थळे सहसा सांगितली जात नाहीत, त्यांकडे वाचकांनी लक्ष द्यावे.

पहिले स्थळ हे. पत्नीने आपला वाटा पुढे केला तेव्हा तो घेण्यास ब्राह्मण तयार होईना. उपासाने कृश झालेल्या स्त्रीच्या तोंडचा घास काढून अतिथीस वाढणे त्यास अधर्म वाटला. सुनेच्या वेळी तर त्याचे मन अधिकच कचरले. ही लेकरासारखी, हिच्या भुकेवर मी पुण्य कसे मिळवू, असे त्यास झाले. त्या दोघींनी आपल्या इच्छेने आग्रह केला, तेव्हाच त्याने ते वाटे उचलले. यावरून दानाची सीमाही कळते. आपला वाटा आपण द्यावा. दुसऱ्याचा वाटा त्याच्या मनाविरुद्ध आपण देऊ नये. श्रीमंतांच्या बरोबरीस यावे म्हणून कर्ज काढून देणगी देणे, मुलांची शाळेची फी थकवून पाटीवर नाव लावणे, वृद्ध आईचे औषध लांबवून अन्नदानाची पावती फाडणे, यास धर्म म्हणता येणार नाही. घरची माणसे कष्टात ठेवून बाहेर दातृत्व मिरविणाऱ्यास मनुस्मृतीनेही खरा धर्मशील मानलेले नाही. म्हणून ज्यांची ऐपत आज केवळ घर चालविण्यापुरती आहे, त्यांनी घर नीट चालवावे. तोही धर्मच आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरे स्थळ याहून महत्त्वाचे आहे. हे मुंगूस कोण होते? जनमेजयाने हा प्रश्न विचारला आणि वैशंपायनांनी त्याचे उत्तर दिले आहे. ते मुंगूस म्हणजे शाप मिळालेला क्रोध होता. जमदग्नींची परीक्षा पाहावयास तो गेला, त्यांच्या श्राद्धासाठी ठेवलेल्या दुधात शिरला, आणि पितरांच्या शापाने मुंगूस झाला. धर्माची निंदा करशील तेव्हा सुटशील, असा त्यास उःशाप होता. म्हणजे धर्मराजांच्या यज्ञास हिणविणारे ते तोंड क्रोधाचे होते! त्याने सांगितलेली सातूच्या पिठाची थोरवी खरी. परंतु ती सांगताना दुसऱ्याच्या यज्ञास उणे लेखण्याची जी वृत्ती, ती क्रोधाची. ‘मोठे लोक नावासाठी देतात’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मुखाने तेच मुंगूस बोलत असते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : त्या ब्राह्मणाने, त्याच्या पत्नीने, पुत्राने अथवा सुनेने कोणाच्या यज्ञाविषयी एक शब्दही उच्चारलेला नाही. त्यांनी तुलना केली नाही. तुलना मुंगसाने केली, आणि तेच जन्मभर अर्ध्या अंगाने हिंडत राहिले.

यासाठी मोठ्या दानाविषयी मनात आदर असावा, असे आम्ही आवर्जून सांगतो. आपल्या मंडपाचे खांब मोठ्या देणग्यांनीच उभे राहिले. पाऊस गळत होता तो त्यांनीच थांबविला. मोठे आणि लहान दान एकमेकांचे वैरी नाहीत; एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. महर्षी कर्वे यांच्या कार्याचा इतिहास पाहावा. १८९६ साली पुण्यात त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, तेव्हा ते स्वतः बेताच्या वेतनावर गणित शिकविणारे अध्यापक होते. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला तो एका झोपडीत. तेथील सहा एकर जागा आणि ७५० रुपये रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिले होते. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले होत्या. तरुणपणी वैधव्य आलेल्या आणि मोठेपणी लिहावाचावयास शिकलेल्या या बाईंनी परक्या गावी, परक्या दारी उभे राहून रुपया-दोन रुपये मागून आणले. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मवृत्त १९२८ साली प्रसिद्ध झाले आहे. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपये देऊ केले. त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव ते विद्यापीठ आजही धारण करते.

त्या काळचे १५ लाख म्हणजे केवढी रक्कम! ती नसती तर ते विद्यापीठ तसे वाढते ना. परंतु ती रक्कम यावयाच्या आधी वीस-बावीस वर्षे झोपडी कोणी राखली? कोणी पायी चालून, कोणी दारोदार हिंडून, कोणी दोन आणे, चार आणे देऊन. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु त्यांनी ‘पुढेमागे भरघोस देऊ’ म्हणून हात आखडला असता, तर ठाकरसींचे दान पडावयास जागाच उरली नसती. आमच्या तरुण सभासदांस आमचे हेच सांगणे आहे. पुढे भरघोस देता आले तर फारच उत्तम. परंतु देण्याची सवय दोनशे रुपयांवर लागली नाही, तर दोन लाखांवर ती आपोआप लागेल हा भरवसा कोणी द्यावा?

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची गोष्टही जुन्या मंडळींस आठवत असेल. एकेकाकडून एकेक पैसा गोळा करावयाचा आणि त्यातून देशी उद्योग काढावयाचा, असा तो संकल्प होता. ऐकणाऱ्यास हसू यावे असाच तो होता. परंतु १९०८ साली तळेगावास त्याच पैशांतून काचेचा कारखाना उभा राहिला.

आणि ज्यापाशी पैसाही नाही त्याने काय करावे? श्रीगाडगे महाराजांकडे पाहावे. १८७६ साली जन्मलेला आणि १९५६ साली देह ठेवलेला हा सत्पुरुष अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि खापर एवढ्या संपत्तीनिशी हिंडला. गावात शिरताच प्रथम रस्ता झाडावयाचा आणि मग रात्री कीर्तन करावयाचे, असा त्यांचा क्रम. त्यांच्या शब्दावर लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांपैकी एकीतही त्यांनी स्वतःसाठी खोली ठेवली नाही. खराट्याची किंमत कोणत्या पावतीपुस्तकात लिहावी?

आपल्या मंदिरातच पाहा. मंडप झाला, आता त्यात माणसे हवी आहेत. समईस रोज वाती लागतात. आपली नातवंडे हिंदी आणि इंग्रजी शाळांत शिकतात. त्यांस रविवारी तासभर बसवून मराठी अक्षरे गिरवून घेणारे कोणी हवे. दृष्टी मंदावलेल्या तीन-चार वृद्धांस पोथी वाचून दाखविणारे हवे. रुग्णालयात एकट्या पडलेल्या सभासदाजवळ रात्री बसणारे हवे. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी पत्रावळी उचलणारे हवे. यांपैकी एकही काम पाच लाखांच्या धनादेशाने होत नाही. त्यास माणसाचे हातपाय आणि वेळ लागतो. ज्यांनी मोठ्या देणग्या दिल्या त्यांसही या कामांचे दार उघडे आहे, आणि त्यांपैकी दोघांनी पत्रावळी उचलताना आम्ही पाहिले आहे.

आता आमच्या चुकीविषयी. आम्ही कार्यकारी मंडळापुढे विनंती ठेवली आणि मंडळाने ती मान्य केली आहे की, यापुढे या पत्रिकेत दात्यांची नावे अकारविल्हे, रकमेचा उल्लेख न करता छापली जातील. हिशेबाची वही ज्यास पाहावयाची असेल त्यास कार्यालयात पाहता येईल. ‘फुटकळ’ हा शब्द आम्ही आमच्या लेखणीतून काढून टाकला आहे. मागील यादीत ज्यांचा असा उल्लेख झाला, त्या सर्वांची आम्ही येथे हात जोडून क्षमा मागतो.

काकूंच्या घरी आम्ही पुन्हा गेलो आणि हे त्यांस सांगितले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वाती कोण करतं सध्या?” आम्ही खरे ते सांगितले, की बाजारातून आणतो, आणि त्या नीट जळत नाहीत. त्यांनी कापसाचा डबा उघडून आमच्यापुढे ठेवला. आत वाती वळून तयार होत्या.

या चातुर्मासात आपण सर्वांनी एकच नेम धरावा : दुसऱ्याच्या ताटाकडे न पाहता आपला वाटा द्यावा, तो मूठभर असो वा पायलीभर. देणारा आणि देवविणारा तो एकच आहे. तो श्रीहरी आपणा सर्वांस देण्याची बुद्धी आणि देताना निर्मळ मन देवो, ही त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥